उन्हाळ्यातली लाँग केस

एप्रिल लागला की नरेंद्र उबाळेला चंदूचा फोन यायचा. चंदू म्हणजे मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागातला शिपाई. वीस वर्षांत त्याचं बोलणं बदललं नव्हतं.

"नरेंद्रभाऊ, जय भीम. यंदा एकवीसला आहे. आठच्या आत या. आणि दोन दिवस आधीपासून मलम बंद, मॅडमनी सांगितलंय."

मलम बंद, कारण परीक्षकांना आजार पुरता दिसायला हवा. त्वचारोगात एमडी करणाऱ्या डॉक्टरांची शेवटची परीक्षा असते, तिच्यात प्रत्येकाला एक खरा पेशंट देतात. पाऊण तास त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून काय झालंय ते सांगायचं. याला लाँग केस म्हणतात. नरेंद्र ही त्या विभागाची हक्काची लाँग केस. त्याचा आजार तीस-चाळीस हजारांत एखाद्याला होतो, आणि घाम यायला लागला की अंगभर फुलतो. परीक्षाही नेमकी उन्हाळ्यात.

नरेंद्र राहायचा अंबरनाथला, बुवापाड्यात, दोन खोल्यांत. आनंदनगर एमआयडीसीत बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे तो स्टोअरकीपर. त्याचं टेबल गोडाऊनच्या पार टोकाला, खोक्यांच्या रांगांच्या पलीकडे. पहिल्या आठवड्यात ते ऑफिसात होतं. मग शेठ एकदा म्हणाला, "उबाळे, तुला तिकडे शांत वाटेल." नरेंद्रने टेबल उचलायला स्वतःच हात लावला. तिकडे खरंच शांत होतं. पत्र्याखाली दुपारी अंग भाजायचं, आणि अंग भाजलं की वास वाढायचा, पण तो घ्यायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

हे सगळं सुरू झालं तो तेरा वर्षांचा असताना. छातीवर आणि मानेवर तपकिरी, खरखरीत दाणे आले. नखाने काढले तर निघायचे आणि चार दिवसांनी पुन्हा यायचे. मग पाठ, काखा, कानामागची जागा, केसांतली जागा. वर्षभरात त्याची पाठ खडबडीत दगडासारखी झाली. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की ते दाणे ओले व्हायचे, चिघळायचे, आणि शर्टाला कुजकट वास मारायचा. वर्गात त्याच्या बाकावरची पोरं एकेक करून उठून गेली. मास्तरांनी कोणाला काही म्हटलं नाही. नरेंद्रलाही नाही.

घरात कोणाला आश्चर्य वाटलं नव्हतं. त्याचे वडील शिवराम यांना हेच होतं. शिवराम एका कारखान्यात हमाली करायचे. पाठीवर पोतं आणि पोत्याखाली हे. अख्खी वस्ती त्याला गजकर्ण म्हणायची. गजकर्णाचं काळं औषध, टाकळ्याचा पाला, कल्याणच्या कुणा बाबाची राख, सगळं लावून झालं होतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा शिवराम सहा वर्षांचे होते. आजोबा म्हणायचे, आता आपल्याला कोणी लांब बस म्हणणार नाही. शिवरामना मात्र लोक लांब बस म्हणत राहिले, आणि ते लोक आपलेच होते. त्यांची सख्खी बहीण बनूबाई बदलापूरला असायची. तिच्या घरी गेलं की त्यांना ओट्यावर पोतं अंथरून मिळायचं. नरेंद्रची आई द्रौपदी मग आपलं ताट उचलून ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसायची.

शिवराम बावन्नाव्या वर्षी काविळीने गेले. आपल्याला काय झालंय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. खरं म्हणजे त्यांच्या हयातीतच नरेंद्रला कळलं होतं. पण सांगायला गेला तेव्हा ते म्हणाले, "नाव कळून खाज थांबते का?" आणि कूस बदलून झोपले.

नरेंद्रला ते कळलं चोविसाव्या वर्षी, उल्हासनगरला. कॅम्प एकमध्ये डॉक्टर वाधवानी म्हणून एक म्हातारे सिंधी डॉक्टर होते. कपड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना. कुणीतरी सांगितलं म्हणून नरेंद्र गेला. आत गेल्या गेल्या सवयीने शर्टाची बटणं काढायला लागला तर डॉक्टर म्हणाले, "रुक बेटा. पहले हाथ दिखा."

आजवर हात कोणी बघितले नव्हते. वाधवानींनी त्याची बोटं खिडकीकडे वळवली. नखांवर उभ्या रेषा होत्या, एक लाल, एक पांढरी, आणि जिथे त्या संपत तिथे नखाच्या कडेला छोटी खाच. तळहातावर टाचणीने टोचल्यासारखे खळगे. डॉक्टरांनी शर्ट काढायला सांगितलाच नाही. कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि एक पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. पानावर कुणा गोऱ्या माणसाचा हात होता आणि नखं नरेंद्रची होती.

"डॅरिअर," डॉक्टर म्हणाले. "गजकर्ण नाही, महारोग नाही, घाण नाही. कोणाला लागत पण नाही. जन्मापासून चमडीच्या जोडणीत फरक आहे तुझ्या, बस."

"नाव आहे म्हणजे औषध असेल ना?"

"आहे थोडं." वाधवानींनी पुस्तक मिटलं. "बरं नाही होणार. कमी होईल. मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी देतो, जा."

त्या दिवशी नरेंद्र कॅम्प एकच्या बाजारातून चालत निघाला आणि कुठेही न थांबता पार स्टेशनापर्यंत गेला. बरं होणार नाही हे ऐकूनही त्याला हलकं वाटत होतं. याचं त्याला पुढे कितीतरी वेळा नवल वाटलं.

मोठ्या हॉस्पिटलात त्याच्या पाठीचे फोटो काढले, कातडीचा दाण्याएवढा तुकडा काढून तपासला आणि गोळी सुरू केली. गोळीने ओठ फुटायचे, डोळे कोरडे पडायचे, पण पाठ निम्म्याने बरी झाली. तीन वर्षांनी चंदूचा पहिला फोन आला.

लग्नाच्या वेळी त्याने एक गोष्ट केली. माया कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यात शिवणीला होती. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर त्याने तिच्या भावाला आतल्या खोलीत नेलं आणि शर्ट काढून पाठ दाखवली. भाऊ उठून बाहेर गेला. दोन दिवसांनी माया स्वतः आली, मैत्रिणीला घेऊन. म्हणाली, "मला पण दाखवा." बघून झाल्यावर म्हणाली, "आमच्याकडे वॉशिंगच्या केमिकलचा वास दिवसभर नाकात असतो. त्यापेक्षा हा काय मोठा नाही." लग्न झालं. पुढे तिने सांगितलं की तो वास त्याहून मोठा होता, पण बोलून गेल्यावर मागे कसं घ्यायचं.

मूल होऊ द्यायचं की नाही यावर दोघं वर्षभर बोलले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दर मुलामागे निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखी. दोन हजार सहामध्ये अस्मिता झाली. तिची पाठ मऊ होती. नरेंद्र दर रविवारी तिची नखं कापायचा. खरं म्हणजे कापण्याआधी एकेक नख उजेडात धरून बघायचा. दहा वर्षांची झाल्यावर ती म्हणाली, "मी कापते माझी," आणि नेलकटर घेऊन गेली. त्यानंतर तो तिच्या हातात पाण्याचा ग्लास असताना बघायचा, ती पुस्तकाचं पान उलटताना बघायचा. रेषा नव्हत्या. पण आजार कधी पंधराव्या, कधी विसाव्या वर्षीही येतो हे त्याला माहीत होतं, त्यामुळे नाही दिसलं याचा आनंद कधी पुरता झाला नाही.

परीक्षेत दर वर्षी तेच चालायचं. मोठ्या हॉलमध्ये पडदे लावून खाटा मांडलेल्या असत. तो उघड्या अंगाने खाटेवर बसायचा. परीक्षार्थी यायचा, बहुतेक रात्रभर न झोपलेला, घामाघूम. काहीजण हातमोजे घालून बोटाच्या टोकाने शिवायचे. एकाला तर उलटी आली होती, तो बिचारा सॉरी सॉरी म्हणत बाहेर पळाला. सगळे आधी पाठ बघायचे. रोगाचं नाव सांगायचं नाही अशी नरेंद्रला सक्त ताकीद होती. हात कसे ठेवायचे हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तो दोन्ही पंजे गुडघ्यांवर पसरून, बोटं उघडी ठेवून बसायचा. ज्याला बघायचं त्याने बघावं. बघणारा पोरगा बघायचा आणि त्याचा चेहरा बदलायचा. न बघणाऱ्याची नरेंद्रला कीव यायची. पण वीस वर्षांत कीवही थकली होती. हल्ली तो खिडकीतून बाहेर बघत उत्तरं द्यायचा. प्रश्न पाठ झालेले. कधी सुरू झालं, उन्हात वाढतं का, खाज किती, घरात कोणाला.

"वडिलांना होतं."

"मुलं?"

"एक मुलगी. तिला नाही."

हे शेवटचं वाक्य तो दर वर्षी म्हणायचा आणि म्हणताना खाटेच्या लाकडी कडेला बोट टेकवायचा.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत, एका सकाळी, अस्मिता मोरीच्या दाराशी वाकून केस धूत होती. केस पुढे घेतलेले, मान उघडी. नरेंद्र चहा घेऊन मागून जात होता. उजव्या कानामागे तीन-चार दाणे होते. तपकिरी, तांदळाच्या कणीएवढे. दुसऱ्या कोणाला ते मळासारखे वाटले असते.

तो चहा तसाच हातात घेऊन बाहेर ओट्यावर बसला. माया थोड्या वेळाने आली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने दार लोटून घेतलं.

"बघितलंत?"

"तुला माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय केलं असतं तुम्ही? आणखी चार महिने झोपला नसता." माया त्याच्या शेजारी बसली. "दहावीची परीक्षा होऊ दे म्हटलं तिची."

"तिला कळलंय?"

"तिलाच पहिलं कळलं. मला तिने दाखवलं. म्हणाली, पप्पांना आत्ता नको सांगू."

म्हणजे मायलेकी दोघी मिळून ही गोष्ट त्याच्यापासून लपवून बसल्या होत्या, आणि सगळ्यात शेवटी कळलं होतं ते ज्याला त्यातलं सगळं कळत होतं त्याला. नरेंद्र त्या दिवशीही कामावर गेला. दुपारी गोडाऊनमध्ये झाकणांची खोकी मोजताना तिसऱ्यांदा चुकला तेव्हा त्याने वही मिटली आणि टेबलावर डोकं टेकवलं. रडायला येईल असं वाटलं होतं. आली ती झोप.

एप्रिलमध्ये चंदूचा फोन आला आणि त्याच दिवशी दुपारी विभागातल्या एका तरुण डॉक्टरचा. मायाने अस्मिताचा केसपेपर काढण्याबद्दल हॉस्पिटलात चौकशी केली होती, तिथून हे त्याच्या कानावर गेलं असावं. तो उत्साहात होता.

"काका, मुलीला पण आहे असं कळलं. तिला घेऊन याल का एकवीसला? बाप आणि मुलगी दोघं, अशी फॅमिली केस आमच्याकडे कधीच आली नाही. परीक्षकांना खूप आवडेल."

"नाही," नरेंद्र म्हणाला.

"अहो, फक्त मान आणि हात. लेडी डॉक्टरच असेल."

"साहेब, तिला अजून कुठल्याच डॉक्टरने बघितलेलं नाही. तिला पहिल्यांदा बघणारा माणूस नापास व्हायच्या भीतीने बघणारा नको. मी येतो. ती नाही येणार."

वीस वर्षांत हॉस्पिटलला तो पहिल्यांदाच नाही म्हणाला होता. मागे दोनदा अंगात ताप असतानाही गेला होता.

अस्मिताने हे आतून ऐकलं होतं. ती बाहेर आली.

"मला न विचारता नाही कसं म्हणालात?"

"तुला जायचं होतं?"

"नाही."

"मग?"

"मग विचारायचं ना, पप्पा. सगळे माझ्याबद्दल माझ्याशिवाय ठरवताय."

"चुकलं," तो म्हणाला. ती म्हणाली, "मला डॉक्टरकडे जायचंय. मानेला तेल लावून लावून कंटाळा आला."

एकवीस तारखेला तो खाटेवर बसला. या वेळी त्याच्या वाट्याला एक बारीक चणीची मुलगी आली. तिने हातमोजे घातले नाहीत. आधी नमस्कार केला, आपलं नाव सांगितलं, मग "बसू का?" विचारून स्टूल ओढलं. प्रश्न नेहमीचेच होते. तोही नेहमीसारखा खिडकीकडे बघत उत्तरं देत होता.

"मुलं किती?"

"एक मुलगी."

"तिला काही त्रास?"

नरेंद्रने तोंड उघडलं आणि दर वर्षीचं वाक्य येईना. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकत होतं.

"मुलीला आहे," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने अजून आपल्या आईलाही सांगितलं नव्हतं. त्या डॉक्टर मुलीचं पेन थांबलं. तिने घड्याळाकडे बघितलं नाही, हे त्याने बघितलं. बॅगेतून स्वतःची पाण्याची बाटली काढून तिने त्याच्यापुढे धरली.

"थांबू या का थोडं?"

"नको. विचारा तुम्ही. तुमची वेळ जाते."

"कधीपासून आहे तिला?"

"दिवाळीपासून. मला फेब्रुवारीत कळलं."

तिने ते लिहून घेतलं. पुढचं सगळं तिने नीट बघितलं, हातही. बेल वाजली, परीक्षक आले, आणि दोघं आपापल्या जागी गेले. ती पास झाली का हे त्याने विचारलं नाही. पूर्वी विचारायचा.

निघताना विभागप्रमुख मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्या आता निवृत्तीला आल्या होत्या. नरेंद्रच्या पाठीचा पहिला फोटो त्यांनीच काढला होता, विभागात लेक्चरर असताना.

"तुमच्या मुलीला बोलावल्याचं मला आज सकाळी समजलं," त्या म्हणाल्या. "चूक झाली आमची. तिला परीक्षेला आणू नका, कधीच. ओपीडीला आणा. मी बघते."

पुढच्या आठवड्यात तिघं गेले. मॅडमनी दार बंद करून घेतलं, आत फक्त एक सिस्टर. अस्मिताला बघायला दहा मिनिटं लागली. नखांवर अजून काही नव्हतं, तळहातांवर खळगे यायला लागले होते. मलम, सुती कपडे, उन्हात जाताना लावायचं क्रीम, अंघोळीचं सांगणं. अस्मिताने सगळं मोबाईलवर लिहून घेतलं. मग विचारलं, "पप्पा घेतात ती गोळी मला नाही का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ती गोळी घेताना, आणि बंद केल्यावरही तीन वर्षं, बाळ राहता कामा नये. बाळाला फार वाईट व्यंग येतं. म्हणून मुलींना आम्ही ती शक्यतो देत नाही. फारच वाढलं तर दुसरी एक आहे, तिलाही हेच पथ्य, पण कमी दिवसांचं. बघू."

"म्हणजे पप्पांचा आजार मला, औषध नाही."

ती रागाने नव्हती म्हणाली. हिशोब लागला तसं म्हणाली. माया भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आत्ता तरी तसंच आहे."

मग त्यांनी संशोधनाचं सांगितलं. अशा आजारांच्या कुटुंबांचं रक्त घेऊन, नेमका बिघाड कुठे आहे ते शोधायचं काम विभागात सुरू झालं होतं. घरातल्या जितक्या माणसांचं मिळेल तितकं हवं होतं. अस्मिता सोळाची, म्हणून आई-वडिलांची सही आणि तिचीही वेगळी. कागद मराठीत होता, पण ती मराठी कुणाच्याही तोंडची नव्हती. अस्मिताने सगळी पानं वाचली आणि तीन प्रश्न विचारले. तिसरा होता, "यातून आम्हाला काय मिळणार?"

"बहुतेक काही नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यानंतरच्यांना कदाचित."

तिने सही केली. पुढच्या खेपेला द्रौपदीला नेऊन तिचंही रक्त घेतलं. बहात्तर वर्षांची द्रौपदी सुई टोचताना सिस्टरला सांगत होती की मला काही नाही, हे सगळं त्यांचं आहे.

दोन वर्षं त्या रक्ताचं काही कळलं नाही. गोळीने नरेंद्रच्या रक्तातली चरबी वाढली म्हणून ती बंद करावी लागली, आणि पाठ पुन्हा जुन्यासारखी झाली. तीन-चार महिन्यांनी हॉस्पिटलला जायचं, केसपेपरची रांग, बाकड्यावर बसणं, औषध असेल तर घ्यायचं, नसेल तर बाहेरून. अस्मिताचं छातीवर आलं, मग केसांत. बारावीला तिने मैत्रिणींना सांगितलं. एक बोलेनाशी झाली, बाकीच्या टिकल्या. ती उल्हासनगरला कॉलेजात कॉमर्सला गेली. मे महिन्यात ती चिडचिडी व्हायची, दार आपटायची, आणि नरेंद्रला ते दार आपटणं कुठून येतं ते माहीत होतं.

दोन हजार चोवीसच्या शेवटी रिपोर्ट आला. इंग्रजीत, चार पानं. रविवारी दुपारी अस्मिताने तो आज्जीला मराठीत समजावून सांगितला. बाराव्या गुणसूत्रावर एक जीन, त्यात एका अक्षराची चूक. ही चूक याआधी कुठे नोंदलेली नव्हती. दुसऱ्या पानावर वंशावळ होती: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असला की काळा भरलेला.

"हा काळा चौकोन पप्पा. हा काळा गोल मी. ही पांढरी तू."

"आणि तो तिरकी रेघ मारलेला?"

"आजोबा. रेघ म्हणजे वारलेत. त्यांच्यापासूनच सुरुवात केलीय."

द्रौपदीने त्या चौकोनावर बोट ठेवलं. "नाव नाही लिहिलं?"

"नाव लिहीत नाहीत आज्जी. नंबर असतो."

"पण डॉक्टरांनी लिहून दिलंय ना, गजकर्ण नव्हतं म्हणून?"

"हो."

दुसऱ्या दिवशी द्रौपदीने त्या पानाची झेरॉक्स काढून आणायला लावली, नवं पातळ नेसली आणि रिक्षा करून बदलापूरला बनूबाईकडे गेली. नरेंद्र सोबत येतो म्हणाला, तर नको म्हणाली. बनूबाई आता ऐंशीच्या पुढे, कानाने अधू, खाटेला खिळलेली. संध्याकाळी द्रौपदी परत आली, चपला काढल्या आणि तशीच आडवी झाली.

"काय म्हणाली आत्या?" नरेंद्रने विचारलं.

"सगळं सांगितलं. कागद दाखवला. तीनदा मोठ्याने सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, वैनी, चहा घेऊन जा."

द्रौपदीने डोळे मिटले. जेवायलाही उठली नाही. रागावली होती की नव्हती ते कळलं नाही. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

मॅडम निवृत्त झाल्या. नवे प्रमुख आले, चंदूही नोकरीतून सुटला. यंदाच्या एप्रिलमध्ये फोन आला तो अनोळखी आवाजाचा. नरेंद्र म्हणाला, "माझ्याने आता होत नाही. दुसरा कोणी बघा." तिकडून बरं म्हणाले. इतकं सोपं होतं.

मे महिन्यात दोघांची तारीख एकाच दिवशी होती. बापलेक सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत लागले आणि साडेनऊला ओपीडीच्या बाकड्यावर जागा मिळाली. पंखा होता, पण लांब. दोघांच्या आजूबाजूला थोडी जागा आपोआप मोकळी झाली. अस्मिताने पाय ताणून बसायला ती वापरली. नरेंद्र आता एक्कावन्नचा होता. आदल्या आठवड्यात पाठीवरचे दाणे पिकून ताप येऊन गेला होता. दोघांचे नंबर पासष्ट आणि सहासष्ट, चालू होता बावीस. तो बसल्या बसल्या पेंगला, डोकं पुढे जाऊन एकदम वर यायचं. अस्मिता जवळ सरकली. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

त्याला जाग आली तेव्हा पावणेबारा झाले होते. मानेखाली तिची घडी केलेली ओढणी होती आणि बाकड्यावर ती नव्हती. दारावरचा नंबर एकोणसत्तर होता. तो धडपडत उठणार एवढ्यात ती आतून आली, हातात दोन्ही केसपेपर.

"उठवायचं नाही का?"

"माझं दाखवून झालं. तुमचे रिपोर्ट पण दाखवले. तुम्हाला बोलवतायत, पाच मिनिटं, नवीन डॉक्टर आहेत, चांगले आहेत. पाठ पिकून ताप आलेला, ते त्यांना मी सांगितलंय."

"आणि तुझं काय म्हणाले?"

"नवीन काही नाही. उन्हाळा सांभाळा म्हणाले." तिने त्याची पिशवी उचलली. "चला, मग खाली चहा घेऊ. मला भूक पण लागलीय."

तो उठला आणि शर्टाचं वरचं बटण काढत तिच्या मागून आत गेला.